कात्रीची जागा

आमच्या घरात कधीही काही हरवलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, एखादा जुना आजार सांगावा तसं सांगतोय. इतर घरांत माणसं चष्मा शोधतात, किल्ली शोधतात, एकमेकांवर खेकसतात, मग ती वस्तू भलतीकडेच सापडते आणि सगळे हसतात. आम्हाला हे सुख नव्हतं. आमच्याकडे हात लांब केला की वस्तू असायची. नसली, तर तिथे तिची तांबडी रेष असायची, आणि त्या रेषेसमोर बाबा उभे असायचे.

बाबा बस दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात भांडारपाल होते. तिथे भिंतीवर मोठमोठ्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्रत्येक हत्याराचा आकार रेषेने काढलेला होता. पाना उचलला की मागे रिकामा पाना उरायचा, हातोडी नेली की रिकामी हातोडी. काय गेलंय ते लांबून दिसायचं. बाबांचं काम त्या रिकाम्या आकारांवर नजर ठेवायचं, आणि समोरून कोणी आलं की एकच शब्द विचारायचा: "जागेवर?" कारखान्यात त्यांना 'जागेवर' याच नावाने ओळखत. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांना ती पदवी वाटायची.

लग्नानंतर त्यांनी तांबड्या ऑइलपेंटचा एक लहान डबा आणला, एक बारीक ब्रश आणला आणि घरातल्या हत्यारांच्या कपाटात पहिली रेष काढली. आईने कौतुक केलं. आपण कौतुक करायला नको होतं, असं ती पुढे आयुष्यभर म्हणायची. कारण कपाट झाल्यावर बाबा स्वयंपाकघराकडे वळले. किसणी, गाळणं, चिमटा, चाकू. मग जिन्याखालची अडगळीची खोली, मग न्हाणीघरातली फळी, मग कपड्यांचं कपाट. पद्धत ठरलेली. वस्तू फळीवर ठेवायची, पेन्सिल उभी धरून तिच्याभोवती फिरवायची, वस्तू उचलायची, आणि श्वास रोखून पेन्सिलीवरून ब्रश फिरवायचा. श्वास आम्हीही रोखायचो. मी आणि ताई दाराशी उभे, गाल फुगवून. रेष जिथून निघाली तिथे येऊन मिळाली की बाबा फुस्सकन हवा सोडायचे आणि मग घरातल्या सगळ्यांना श्वास घ्यायला परवानगी.

दारामागे चपलाबुटांची फळी होती. आमची पावलं दरवर्षी वाढायची आणि बाबा दरवर्षी नवी रेष काढायचे, जुनीच्या बाहेरून. जुनी पुसायचे नाहीत. ऑइलपेंट पुसलं जात नाही, हे त्यामागचं एकमेव कारण होतं. पण पुढे आम्ही त्याला भलभलते अर्थ दिले. झाडाच्या बुंध्यात वर्तुळं असतात तसे त्या फळीवर आमचे बूट होते, एकात एक. ताईच्या बाजूला कमी, माझ्या बाजूला जास्त. ताईचे पाय लवकर थांबले. तोंड थांबलं नाही, पण त्याची रेष काढायची सोय नव्हती.

पाहुण्यांनाही सुटका नव्हती. एकदा आमच्या काकांनी आल्या आल्या टोपी काढून रेडिओच्या रेषेत ठेवली. रेडिओ तेव्हा बाबांच्या हातात होता, ते सेल बदलत होते. बाबा रेडिओ छातीशी धरून काकांसमोर नुसते उभे राहिले. काका प्रवासाच्या गप्पा सांगत होते. त्या सांगून संपल्या, पाणी पिऊन झालं, तरी बाबा रेडिओ घेऊन उभेच. शेवटी काकांनी घाबरून विचारलं की कोणी गेलं का. रेडिओवर काही बातमी आहे का.

'जागेवर' हा शब्द आमच्या घरात सगळ्याला चालायचा. ताई संध्याकाळी घरी आली का, हे विचारायचं असलं की "ताई जागेवर?" माझा निकाल लागला की "गणित जागेवर?" आई रागावली की बाबा आम्हाला हळूच सांगायचे, जरा वेळ थांबा, ती अजून जागेवर यायची आहे.

बाबा गेले ते झोपेत, पलंगावर, स्वतःच्या बाजूला. शेजारच्या काकू म्हणाल्या, जागेवर गेले हो. कोणी हसलं नाही, पण बाबांना ते आवडलं असतं.

त्यानंतर आई एकटी राहू लागली. आणि त्या घरात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वस्तू फिरायला लागल्या.

हे प्रथम ताईच्या लक्षात आलं. ताई एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. सगळ्यांच्या चुका प्रथम तिच्याच लक्षात येतात, तिला त्याचाच पगार मिळतो. ती दर रविवारी आईकडे जायची आणि मग मला फोन करून अहवाल द्यायची. कात्री खुर्चीच्या उशीखाली होती. चहाचा डबा शिवणयंत्रामागे. विजेची किटली झोपायच्या खोलीत, जमिनीवर. बॅटरी बुटात. मी म्हणायचो, होतं गं या वयात. ताई म्हणायची, हे वयात होत नाही, हे आपल्या घरात होत नाही. मग एका रविवारी तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आईचं डोकं जागेवर राहिलं नाहीये."

आमच्या घरातलं हे सर्वात गंभीर वाक्य होतं.

ताईने आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आईला वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. आईने म्हटले, आणि वर डॉक्टरांना सांगितलं की तुमच्या कोटाचं दुसरं बटण लोंबतंय, आज पडेल. डॉक्टर म्हणाले, मला तरी काही दिसत नाही, पण काळजी म्हणून घर ओळखीचं ठेवा, वस्तू ठरलेल्या जागी असू द्या. ताईने यातलं 'काळजी' तेवढं ऐकलं. तिचा मुलगा शिकायला लांब गेल्यामुळे तिच्याकडे एक खोली रिकामी होती. तिने ती रंगवून घेतली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि मला कळवलं की आईला ती आता कायमची घेऊन जाते आहे. आईचं घर बंद करायचं.

आईला हे घर सोडायचं नव्हतं. हे सांगायला ती कधी बसली नाही, पण ताईच्या खोलीचा विषय निघाला की ती खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, छान आहे हो रंग. इतकं छान तिने आयुष्यात कशालाच म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी मध्ये पडलो. मी एका कपाटं बनवणाऱ्या कंपनीत माहितीपत्रकं लिहितो. 'पसारा विसरा' ही ओळ माझी आहे. तेव्हा या विषयात आपला अधिकार चालतो, अशी माझी समजूत होती. मी ताईला म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले? ओळखीचं ठेवा. तर आपण घर पुन्हा बाबांच्या वेळेसारखं लावू. रेषा पुसट झाल्यात, त्या गिरवू. रेषा दिसायला लागल्या की आईचा हात आपोआप तिकडे जाईल, इतक्या वर्षांची सवय आहे. महिनाभर बघू. वस्तू जागेवर राहिल्या तर आई तिथेच राहील. फिरायला लागल्या तर तू तिला ने, मी एक शब्द बोलणार नाही. मी एक शब्द बोलणार नाही, या भागावर ताई राजी झाली.

आई तेव्हा मावशीकडे राहायला जाणार होती. ती गेली आणि आम्ही शिरलो. मी, ताई आणि भावोजी.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. सज्जन माणूस, पण त्यांना पारदर्शक डब्यांचं वेड आहे. एकावर एक बसणारे, झाकणाला कड्या असलेले. गाडी भरून डबे घेऊन ते आले होते. ताईने त्यांना दारातच सांगितलं की हे बाबांच्या पद्धतीने व्हायचं आहे, डबे गाडीत ठेवा. ते म्हणाले, डब्यांच्या भोवती रेष काढता येईल. ताईने नुसतं बघितलं. त्यांनी डबे गाडीत ठेवले, पण एक गुपचूप आत आणला आणि दिवसभर त्यात आपलं जेवण, मोबाइल आणि हातरुमाल ठेवून तो किती सोयीचा आहे हे आम्हाला दाखवत राहिले.

आधी फळ्या रिकाम्या केल्या, पुसल्या. धूळ गेली तशी रेष वर आली. तांबडा रंग विटकरी झाला होता, पण हात बाबांचा होता. सरळ रेघ थोडी थरथरती, वळणं मात्र एका दमात. ताई जिन्याखालच्या खोलीत गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, ही माझी रॅकेट. तिथे रॅकेट नव्हती, कित्येक वर्षं नव्हती, नुसता तिचा आकार होता. त्याच्या बाजूला स्टोव्हचा आकार, आमच्या लहानपणीचा, तीन पायांचा. दुधाच्या बाटल्यांचा पिंजरा. माझ्या तीनचाकीच्या चाकाचा एक तुकडा, कारण पूर्ण तीनचाकी फळीवर मावत नव्हती आणि बाबांनी मावली तेवढीच काढली होती. घरातून गेलेली प्रत्येक वस्तू तिथे हजर होती. फक्त वस्तू नव्हती.

एक आकार मात्र कोणालाच ओळखता येईना. गोल, आणि वर आडवी दांडी. ताई म्हणाली, तवा असेल. मी म्हटलं, कुलूप. भावोजी म्हणाले, बदक, आणि पुन्हा डब्याकडे बघू लागले. यावर आम्ही भावंडं चांगलीच भांडलो. बाबा असते तर, पासून सुरुवात होऊन तुला लहानपणापासूनच, पर्यंत गेलो. शेवटी दमून मी हातातला रंगाचा डबा समोरच्या फळीवर टेकवला आणि त्याच्या पलीकडे ब्रश आडवा ठेवला. डबा बरोबर त्या गोलात बसला. ब्रश बरोबर दांडीवर. बाबांनी रेष काढायच्या सामानाचीही रेष काढून ठेवली होती.

ताई उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत थांबली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, पाणी गढूळ येतंय.

मग आम्ही झपाटून काम केलं. मी गिरवत होतो, ताई घरभर फिरून वस्तू गोळा करत होती आणि त्या जागेवर लावत होती. कात्री खुर्चीच्या उशीखालून आली, खिडकीजवळच्या. चहाचा डबा शिवणयंत्रामागून, त्याच खिडकीजवळच्या. किटली पलंगाच्या उशाशी होती. न्हाणीघराच्या खिडकीत एक टवका उडालेला कप निघाला, त्यात बटणं होती. ताईने बटणं बटणांच्या रेषेत ठेवली आणि कप टाकून दिला. रेडिओ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सापडला, तो बाहेर नेला. भावोजी मध्येच म्हणाले की या सगळ्या वस्तू जिथे होत्या तिथे त्या लागतात असं त्यांना वाटतं. ताई म्हणाली, तुम्ही जेवलात का? ते म्हणाले, जेवलो. ती म्हणाली, मग झालं.

दोन रविवार गेले, पण घर असं लागलं की बाबा दारातून आत आले असते तर त्यांना बोलायला विषय उरला नसता.

आई परतली त्या दिवशी आम्ही तिघं ओळीत उभे होतो. इन्स्पेक्टर यायच्या वेळी शाळेत उभं राहतात तसे. आईने चपला काढल्या. खाली फळीवर ताज्या तांबड्या रेषेत तिच्या चपलांची जागा होती. तिने बघितलं, चपला उचलल्या आणि त्या जागेत ठेवल्या. मग घरभर हिंडली. कपाट उघडलं, मिटलं. जिन्याखाली डोकावली. स्वयंपाकघरात कात्रीच्या फळीसमोर जरा थांबली. मग तिने विचारलं, कोणी काढल्या? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "हात अगदी त्यांचा आहे तुझा."

मी हे शब्द घरी जाऊन बायकोला सांगितले. ऑफिसातही सांगितले. लिफ्टमध्ये एकाला सांगितले, त्याची माझी ओळख नव्हती.

आणि योजना फळाला आली. महिना उलटत आला, पण एक वस्तू हलली नाही. ताई वेळी-अवेळी जायची, मुख्याध्यापिका वर्गात शिरते तशी, न सांगता. कात्री जागेवर. किटली जागेवर. चहाचा डबा जागेवर. ताई अचंब्याने सांगायची की अगदी चमचासुद्धा. तिने खोलीचा विषय काढणं बंद केलं. मी फोनवर सहजच म्हटल्यासारखं म्हणायचो की सवय ही मोठी गोष्ट आहे. बायको म्हणाली, आता माहितीपत्रकात घाल.

महिना संपायला आला तेव्हा एका दुपारी मी ऑफिसातून परस्पर आईकडे गेलो. विजयी माणसाने मैदान बघायला जावं तसा. आईने दार उघडलं, पाणी दिलं, पेला धुऊन पेल्याच्या रेषेत ठेवला आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर. मी बसलो. घड्याळ ऐकू येत होतं. आईच्या घरात घड्याळ ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं, कारण तिचं शिवणयंत्र नाही तर रेडिओ, काहीतरी कायम चालू असायचं. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं होतं आणि कापडावर धूळ होती. घरातली सगळी चीजवस्तू जागेवर होती आणि आईही त्यांच्यातच एक ठेवल्यासारखी बसली होती. फक्त तिच्याभोवती रेष काढायची बाकी होती.

मी विचारलं, शिवत नाहीस हल्ली?

ती म्हणाली, कंटाळा.

मी म्हटलं, आई.

तिने जरा वेळ खिडकीकडे बघितलं. मग सांगू लागली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. आम्ही काय ठरवलंय ते तिला मावशीकडून कळलं होतं. वस्तू जागेवर राहिल्या तर हे घर, नाही तर ती खोली. मग काय करायचं? ठेवायच्या जागेवर. त्यात काय अवघड आहे, सगळं आयुष्य तेच केलंय.

"पण मग एवढ्या दिवसांत त्या फिरत कशा होत्या?" मी विचारलं.

"फिरत नव्हत्या रे. मी ठेवत होते."

मग तिने मला सगळा हिशोब दिला, आठवायलाही न थांबता. कात्री उशीखाली, कारण दुपारचं ऊन त्या खुर्चीवर येतं आणि तिथेच कापायला दिसतं. चहाचा डबा यंत्रामागे, कारण शिवताना चहा लागतो. किटली उशाशी, कारण पहाटे जाग येते आणि तेव्हा गार जमिनीवरून चालायचा उत्साह नसतो. बॅटरी बुटात, कारण वीज गेली की पहिली जिन्यात जायची वेळ येते आणि बूट दाराशी असतात. रेडिओ स्टुलावर, कारण स्वयंपाकघरात बोलायला माणूस नसतं. आणि टवका उडालेला कप तुम्ही टाकलात तो न्हाणीघरातच का होता, तर धुताना कपड्याचं बटण निघतं ते तिथेच निघतं. हे सांगताना तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तो कप मला हवा होता," ती म्हणाली.

पसारा विसरा, ही ओळ मला तेव्हा का आठवावी, कोण जाणे.

"बाबांना कधी बोलली नाहीस?"

"बोलले की. मी कापडावर कात्री चालवायची, मध्ये खडूने खूण करायला खाली ठेवायची, खडू हातात घेते तोवर कात्री गायब. हे उचलून जागेवर ठेवून आलेले. परत ऊठ. परत आण. परत खूण करायला ठेव. माझे गुडघे काय उगीच गेले? मी म्हटलं, अहो, माझं काम व्हायचंय. तर म्हणाले, पण सापडते ना?" आई थांबली. तिच्या तोंडावर हसू आलं, आपल्याच माणसाची खोड सांगताना येतं तसं. "आणि सापडायची रे. हेच तर होतं. त्या माणसाच्या राज्यात कधी काही सापडलं नाही असं झालं नाही. मग भांडायचं कशावरून?"

ते गेल्यावर पहिले काही महिने तिने कात्री रेषेतच ठेवली. एकदा दुपारी ती खुर्चीत कापत बसली होती, खडू घेण्यासाठी कात्री खाली ठेवली, खडूने खूण केली आणि हात लांब केला. कात्री तिथेच होती. ती म्हणाली, त्या दिवशी मी खूप रडले. आणि मग कात्री तिथेच राहू दिली.

पुढच्या रविवारी ताई आली तेव्हा मी आधीच जाऊन बसलो होतो. मी एक शब्द बोलणार नाही असं कबूल केलेलं होतं, त्यामुळे आईच बोलली. ताई सगळं ऐकत उभी राहिली. तिला वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटलं की तिचा आवाज शाळेतला होतो. ती म्हणाली की एकटं माणूस, या वयात, उद्या काही झालं आणि हाताशी वस्तू नसली तर. आई म्हणाली, हाताशीच ठेवते गं, तेच तर सांगतेय. ताई म्हणाली, मी तुझ्यासाठी खोली रंगवली. आई म्हणाली, येईन की राहायला. पाहुणी म्हणून येईन, चार दिवस, तू करशील ते खाईन. पण पाहुण्याला घर असावं लागतं, नाहीतर त्याला पाहुणा म्हणत नाहीत.

ताई निघाली. दारात थांबली, पर्स उघडली, खिसे चाचपले, परत आली. टेबलावरचा पेपर उचलून बघितला. सोफ्याच्या फटीत हात घातला. मी विचारलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मग खाली वाकून सोफ्याखाली बघायला लागली.

आईने मागे न वळता सांगितलं, "फ्रिजवर, केळ्यांच्या मागे. आल्या आल्या ठेवलीस."

गाडीची किल्ली फ्रिजवर, केळ्यांच्या मागे होती. काखेत कळसा म्हणायची सोय नव्हती, ताई माझ्यापेक्षा मोठी आहे. ती किल्ली हातात घेऊन उभी राहिली, किल्लीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि सोफ्यावर बसली. मग म्हणाली, डोकं जागेवर नाही माझं. आई म्हणाली, असू दे, चहा घे.

चहा पिताना आईने सांगून टाकलं की फळ्यांना पांढरा रंग द्यायचा. सगळ्या. इथे मात्र मी आणि ताई एक झालो, आणि ही फार दुर्मीळ घटना आहे. आम्ही म्हटलं, सगळ्या नको. रॅकेट नको, तीनचाकी नको, बुटांची फळी तर नकोच नको. ती आमची आठवण आहे. आपलं बालपण आहे त्यात. ताईने तर झाडाच्या बुंध्याची उपमाही दिली, जी खरं तर माझी आहे.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग घेऊन जा ना. खिळ्यांवरच आहे, निघेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ताई म्हणाली, खरं तर माझ्याकडे भिंत अशी नाहीये, सगळ्या कपाटांनी भरल्या. मी म्हटलं, आमची जागा लहान आहे. ताई म्हणाली, तू तर कपाटांच्या कंपनीत आहेस. मी म्हटलं, म्हणूनच. तिने भावोजींना फोन लावला, ते म्हणाले की फळी कुठल्या डब्यात मावणार नाही. मी बायकोला फोन लावला. तिने विचारलं, केवढी आहे? मी हात पसरून दाखवले आणि मग लक्षात आलं की फोनवर ते दिसत नाही. ती म्हणाली, तुझ्या श्वासावरूनच कळलं, आणू नकोस.

आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. टोमणा मारायची तिला गरजच पडली नाही.

बुटांची फळी शेवटी मी आणली. ती आमच्या पलंगाखाली आहे आणि केर काढताना आडवी येते. बाकीच्या फळ्या मी रंगवल्या, पुढच्या सुट्टीच्या दिवशी. दुकानदाराने बजावलं होतं की तांबड्यावर पांढरा सरळ देऊ नका, तांबडा वर येतो, आधी अस्तराचा हात द्या. मी म्हटलं, दोन पिढ्या याच धंद्यात आहोत. अस्तर घेतलं नाही. सकाळी पहिला हात दिला, दुपारी बघितलं तर फळ्याफळ्यांवर फिकट गुलाबी आकार उठलेले. किसणी, गाळणं, चिमटा. रॅकेट. तांबड्या रेषांपेक्षा जास्त हळुवार दिसत होते.

ताई मदतीला आली होती, म्हणजे सूचना द्यायला. ती म्हणाली, आई, अजून दिसतंय गं सगळं. उद्या अस्तर आणून दुसरा हात मारायला लावते याला.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती, मांडीवर कापड, दातांत टाचणी. तिने मान वर करून फळीकडे नीट बघितलं. टाचणी काढली.

"राहू दे," ती म्हणाली. "दिसायला माझी कधीच ना नव्हती."

आणि तिने ताईला चष्मा आणायला सांगितला. ताईने विचारलं, कुठे आहे? आई म्हणाली, बघ नीट, तुझ्या हाताखालीच आहे.